कूळ

नवी पेठेतल्या हॉलात पंखा खडखडतोय.
मी दुभाषी. दिवसाचे दीड हजार, जेवण त्यांच्याकडे.

रोदेल फिलिपिन्सचा, भातवाला.
शेजारी मुळशी खोऱ्यातल्या ठकूबाई ढमाले,
पिशवीत सातबारा,
इतर हक्कात सासऱ्याचं नाव, नावाला कंस.

कूळ म्हणजे काय, तो विचारतो.
दुसऱ्याची जमीन कसणारा, मी सांगतो.
आणि घराणंही. शब्द एकच.
तो हसतो. त्यांच्याकडे म्हणे ‘कासामा’.
सोबती, असाही त्याचा अर्थ.

ठकूबाईंची खारी चहात विरघळून पडते.
"सोबती? मग मळणी झाली की
मालक एकटाच कसा घरी जातो, इचार त्याला."

हे त्याच्यापर्यंत न्यायला मला वेळ लागतो.
ऐकून तो खिशातून प्लॅस्टिकमधला कागद काढतो.
अकरा वर्षांपूर्वीचा, सरकारी शिक्क्याचा.
जमीन त्याची.
कुंपणाच्या दारात अजून मालकाचा बंदूकवाला.

ठकूबाई कागद उलटा धरतात, सुलटा धरतात,
शिक्क्यावरून अंगठा फिरवतात,
मग माझ्या हातात देतात.
"याच्या नावाला कंस नाही ना,
तेवढं बघ रं."

नाही.
तरी मी पुन्हा एकदा बघतो.