न सापडल्यास

बेतीच्या धक्क्यामागे, वर्कशॉपच्या माडीवर
फेरीबोटींच्या तक्रारी नोंदवणारी एक प्रणाली मी सांभाळते.
प्रणाली म्हणजे काय, चार फोल्डर, एक सर्व्हर,
आणि गळक्या छपराखाली त्याच्यावर पालथी घातलेली
कँटीनची पत्र्याची थाळी.

कोणी नवी तक्रार उघडली
की ती पान शोधायला निघते.
आधी बोटीच्या नावाचं फोल्डर.
तिथे नसेल तर इंजिन, साखळदंड, भोंगा,
ज्या अवयवाचं दुखणं त्याचा साचा.
तिथेही नसेल तर सगळ्यांचं सामाईक.
आणि अगदी शेवटी ती फाईल
जिच्या नावाआधी एक आडवी रेघ आहे,
जमिनीला टेकलेली, उंबऱ्यासारखी.

धक्क्यावर आपणही असंच हाकारतो की.
आधी घरातलं नाव, मग आडनाव,
मग नुसतं
"अहो, निळा शर्ट!"

रेघवाली फाईल लेस्टरची.
स्विंडनला जायच्या आदल्या आठवड्यात लिहून गेला.
यादी नाही, टिकमार्क नाही, एक मोठी रिकामी चौकट.
आणि कोडमध्ये, पडद्यावर कधीच न दिसणारी टीप:
"इथवर आलात म्हणजे बाकी काही सापडलं नाही.
माणसाला लिहू द्या."

पुंडलिक तारी नेहमी याच पानावर यायचा.
त्याच्या बोटीचं फोल्डर कोणी केलंच नव्हतं.
ऑगस्टात त्याने लिहिलं:
"भरतीला गप्प. सुकती लागली की उजव्या कुशीत
कोणीतरी दात खातं. रायबंदरकडे वळताना जास्त."
मेकॅनिक हसले. मग बोटीखाली उतरले.
बेअरिंगमध्ये मूठभर रेती होती.

मला वाटलं, एवढा जाणता माणूस
आणि सामाईक पानावर?
रविवारचा दिवस घालवून त्याच्या बोटीचा साचा केला.
एकवीस प्रश्न.
आवाजाचा प्रकार: कर्कश, घरघर, ठोका, इतर.
सोमवारपासून पहिल्याच फोल्डरात पान सापडू लागलं,
शोध तिथेच थांबू लागला.
मी स्वतःवर खूश.

पुंडलिकच्या नोंदी:
इतर.
इतर.
लागू नाही.
इतर.

दिवाळीनंतर जिन्यात भेटला, हातात चहाचा ग्लास.
"बाये, तें पान तुवें बदललें?
विचारता तें म्हाका खबर ना.
खबर आसा तें कोण विचारिना."
एवढं बोलून खाली गेला, बोट सुटायची होती.

त्या संध्याकाळी मी काही खोडलं नाही.
एकवीस प्रश्नांच्या त्या फाईलच्या नावापुढे
फक्त "जुनं" एवढं जोडलं.
त्या नावाने तिला आता कोणी हाक मारणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॉग उघडून बघत बसले.
बोटीच्या फोल्डरात: नाही.
अवयवात: नाही.
सामाईकात: नाही.
एका सेकंदाचा कितवा तरी भाग,
पण मला तेवढ्यातही तो वाकून
एकेक दार लोटताना दिसला.
मग रेघ. सापडलं.

नोंद क्रमांक चारशे बारा, संध्याकाळी सहा दहा:
"बोट बरी आहे.
चोडणहून येताना पाण्यात
दिव्यांची मोजणी एकाने जास्त येते.
तीन दिवस मोजली."

कोणत्या विभागाकडे सोपवायची, कळत नाही.
इलेक्ट्रिशियन म्हणतो माझं काम नव्हे.
उघडी ठेवली आहे.