दहा लाख तीन

दहा लाखाव्या कौलाला झेंडूचा हार घातला.
मालकांनी पेढे वाटले, फोटो निघाला,
मलप्रभेकडची सगळी भट्टी फोटोत हसली.
पुढचं गेलं, त्याच्या पुढचं गेलं,
तिसरं माझ्या हातात ओलंच राहिलं.
का कुणास ठाऊक, खिळ्यानं त्याच्या पोटावर कोरलं
१०,००,००३.

मी मष्णू घाडी. प्रेसवरनं कौल उतरवतो.
शाळा सातवीपर्यंत. भागाकार मात्र पक्का.

भट्टी निवायला चार दिवस लागतात.
चलनाच्या कोऱ्या पाठीवर आकडा मांडला.
दोनानं जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल.
तिनानं एक उरतो. पाचानं तीन.
सातानं चार.
अकरानं चार.
तेरानं परत चार! चुकलो म्हणून खोडलं,
पुन्हा मांडलं. चारच.
सदतिसानंही चार आले तेव्हा हसूच फुटलं,
जसं एकच पाव्हणं दर घरात आधीच येऊन बसलेलं.

बसलिंग राख ओढता ओढता विचारायचा,
"एष्टु उळीतु?"
"नाल्कु."
तो मान हलवायचा, जणू उधारीच राहिली कुणाची.

सहाला, नवाला विचारायचं नसतं,
त्यांच्या पोटात दोन-तीन आधीच बसलेत.
हजाराच्या पुढंही जायचं नसतं:
पलीकडचा कुणी भागणारा असता
तर त्याचा जोडीदार अलीकडंच गावला असता.
म्हणजे एकशे अडुसष्ट भागाकार.
सात भट्ट्या निवल्या तोवर.
मधे फाटकावरची पाटी बदलली, अक्षरं बदलली,
कौलाचा साचा तोच राहिला.
एकशे एकानं दोन उरले.
सतरानं बारा.

शेवटचा नऊशे सत्त्याण्णव.
एक हजार तीनदा गेला, अगदी काठापर्यंत,
आणि बारा कौलं अंगणात तशीच राहिली.

जांबोटीच्या मास्तरांना चलनं दाखवली.
त्यांनी चष्मा वर केला, उगाच एक भागाकार तपासला,
म्हणाले, "अविभाज्य आहे रे."
बसलिंगला सांगायला गेलो,
कानडीत काय म्हणायचं ते शोधत.
तो म्हणाला, "अविभाज्य? नम्मल्लू अदे."
आणि बिडी पेटवली.

मला वाटलं होतं, त्याला काहीतरी वेगळं सांगावं लागेल.

ते कौल कुठं गेलं, ठाऊक नाही.
त्या आठवड्यात एक ट्रक चंदगडला गेला, दोन हल्याळला,
रजिस्टरात नुसते हजार लिहिलेत, वरचे तीन
फुटीत धरलेत बहुतेक.
आकडा आतल्या बाजूला आहे.
तिथं कुणी दुपारचं उताणं पडलं,
डोळा लागत नसला,
तर दिसेल.
मोजून बघायला हरकत नाही.