उजव्या स्टिअरिंगची गाडी

झामीन-ऊदच्या यार्डात वाघिणी रिकाम्या होतात
तेव्हा गाड्यांना अजून समुद्राचा वास असतो.
आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिलेला नाही,
आम्ही त्याला गंज म्हणतो
आणि किंमत पाडून मागतो.

कस्टमचा गान्झोरिग चाकाला बुटाने ढोसून वय विचारतो.
गाडीचं. माझं त्याला माहीत आहे.
अकरा वर्षं, एक लाख चाळीस हजार किलोमीटर,
मागच्या काचेवर चार पानांचं रंगीत चिन्ह,
म्हणजे आधीचा मालक म्हातारा, जपून चालवणारा.
असल्या गाडीला चार पैसे जास्त येतात.
वायपरखालच्या खाचेत पाइनच्या सुया,
कप्प्यात पार्किंगची पावती, डिकीत छत्री.
छत्री मी ठेवून घेते. गोबीत तिचा काय उपयोग,
पण टाकवत नाही. घरी सात झाल्यात.

बटण दाबलं की ती बोलते.
दर गाडीतली बाई वेगळी, वाक्य तेच,
एका दमात, शेवटी किंचित मान लववल्यासारखं.
नऊ वर्षं मी धरून चालले होते
की ती म्हणते, सुखरूप जा.
मी मनातल्या मनात "बरं" म्हणायचे.
मग यार्डात खोंगोरझुल कारकून म्हणून आली, नीगाताला शिकलेली.
हसता हसता तिला ठसका लागला:
"अगं, टोलचं कार्ड घातलेलं नाही,
एवढंच सांगतेय ती!"

उलानबातर साडेसहाशे किलोमीटर.
आमची वाहतूक उजवीकडून, आणि स्टिअरिंगही उजवीकडे.
मी बसते ते खड्ड्यांच्या, मेंढरांच्या बाजूला;
समोरून काय येतंय ते दिसतं शेजारच्या सीटवरून.
तिथे दावाखू बसायचा,
सूर्यफुलाच्या बिया सोलत. "थांब." "थांब गं."
मग "जा."
नुसतं जा, आणि मी चाक डावीकडे टाकायचे, न बघता.
एवढा भरवसा मी बुद्धावरही टाकलेला नाही.
आता तो कोरियात खिडक्यांच्या चौकटी जोडतो.
रविवारी फोन करतो,
तिथलं हवामान सांगतो.

परवा सैनशांदच्या पुढे कोळशाचा ट्रक आडवा आला.
म्हणजे आडवा नाही, पुढेच होता, पण चाळीस किलोमीटर.
काच काळी, दात काळे.
दोनदा गाडी बाहेर काढली,
दोनदा पोटात गोळा आला, परत आत.
शेवटी मोठ्याने विचारलं, "मोकळं आहे का?"
गाडी गप्प.
तिला काय ते सुरुवातीलाच सांगून झालेलं.
मग एका टपरीशी थांबले, खारट चहा प्यायले,
ट्रकला लांब जाऊ दिलं.
परत बटण दाबलं
तर ही पुन्हा, तितक्याच अदबीने:
कार्ड घातलेलं नाही.

गिऱ्हाईक भूगोलाचे निवृत्त मास्तर, लुव्सान्दोर्ज.
टोपी काढून आत बसले, सीट मागे-पुढे केली.
"बाई काय म्हणतात?"
मी खरं ते सांगितलं.
"मग घालू या की," म्हणाले,
आणि खिशातून मुदत संपलेला बसपास काढून
खाचेत सारला.

क्षणभर काहीच नाही.
मग ती बोलली. नवं वाक्य. पहिल्यापेक्षा लांब,
शेवटी आवाज थोडा वर गेलेला.
मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे.
नऊ वर्षांत एकीनेही मला हे सांगितलं नव्हतं.
खोंगोरझुलला फोन लावता आला असता,
पण नोटा मोजायच्या होत्या,
आणि मोजताना बोललं की चुकतं.

रात्रीच्या आगगाडीत डावीकडची खिडकी मिळाली.
एका लांब वळणावर
इंजिनाचा दिवा दिसला,
आणि त्याच्या पुढचे रूळ.
मोकळे होते.