डावीकडून चौथा

पावण्याच्या दगडखाणीत पिक्चरचं युद्ध लागलं.
शहाऐंशी साल, शिमग्याच्या पुढचे दिवस,
दगडाला हात लावला तर भाजायचा.
मी डावीकडून चौथा मुडदा.
पालथं पडलं तर तीस रुपये, उताणं पडलं तर चाळीस,
कारण उताण्याला तोंडावर ऊन घ्यावं लागतं
आणि पापणी हलून चालत नाही.
मी उताणा.

बॉम्बचा खर्च नव्हता.
खाणीत रोज एक वाजता सुरुंग उडायचा,
त्यालाच शत्रूची तोफ म्हणायचं ठरलेलं.
शिट्टी झाली की खाणवाले शेडमागे पळायचे,
आम्ही जागच्या जागी मेलेले.

मधोमध हिरो मरायचा.
नर्सच्या मांडीवर डोकं, खिशात तिची चिठ्ठी,
बैसाखीला लग्न ठरलेलं.
मरता मरता फार बोलायचा.
तिच्या डोळ्यांत कसलंसं औषध घालत,
की दर वेळी नवं रडू.
सकाळपासून तो अकरा वेळा मेला.
अकरा वेळा उठून त्यानं सरबत घेतलं.
आम्ही एकदाच मेलो होतो,
उठायची परवानगी नव्हती.

बाराव्या खेपेला नामीआत्या आली.
डोक्यावर टोपली, टोपलीत तांदळाची भाकर, सुकटीची चटणी.
कुणी अडवलं नाही.
खाणीत जेवण घेऊन येणाऱ्या बाईला कोण अडवतं?

तिनं मला पाहिलं.
छातीवर गुळात कालवलेला लाल रंग,
माश्या मात्र खऱ्या.
मला वाटलं, आता बोंब मारेल.
ती बसली. लुगड्याचा काष्टा आवरून, टोपली बाजूला ठेवून,
पदरानं माश्या वारत बसली.

तिचा चांगा
साहेबाच्या लढाईत बोटीवर गेला होता,
बोटीच्या पोटात कोळसा टाकायला.
सुपारी फुटलेली, हळद बाकी.
मग एक इंग्रजी कागद आला.
तो वाचून घ्यायला ती घणसोलीपर्यंत चालत गेली,
मास्तरनी वाचला, आणि नुसते चष्मा पुसत राहिले.
मढं नाही म्हणून दारात कुणी रडायला बसलं नाही.
लग्न लागलं नाही म्हणून तिला रांडपणही मिळालं नाही.
दुसरा बघू, म्हणाले. ती म्हणाली, भात लावायचाय.
दर साली भात लावायचाच असायचा,
शेत कारखान्यात जाईपर्यंत.

"याचा नाव काय ठेवलाय यांनी?"
मी ओठ न हलवता म्हणालो, नाव नाही, आत्या,
मुडद्यांना नसतं.
"मंग चांगा म्हन."

शिट्टी झाली. सुरुंग उडाला.
नर्स दचकली, हिरोसुद्धा मरणातून जरा हलला.
आत्या हलली नाही. फक्त वाकली माझ्यावर,
तिच्या पाठीवर बारीक खडी पडल्याचा
आवाज मी ऐकला.
साहेब ओरडले, ओके. तेराव्याची गरज नाही.

वर्षभरानं ठाण्याला लागला.
चार सेकंद असतील, पडद्याच्या कडेला,
धुरात काष्टा नेसलेली एक बाई
कुणातरी शिपायावर वाकलेली.
थेटरात हुंदके चाललेले, ते मधल्या दोघांसाठी.
आत्यानं स्वतःला ओळखलं की नाही, कळलं नाही.
तिनं मांडीवरच्या शेंगांची टरफलं
पदराच्या टोकात गोळा केली.

परतीच्या बसमध्ये दिघा गेला, रबाळे गेलं.
तेव्हा म्हणाली,
"पिच्चर सरल्याव उठतान नं रं सगली?"
उठतात, आत्या.
"तू उठलास."
उठलो की. तू आणलेली भाकर खाल्ली, तिथंच, दगडावर बसून.

घणसोलीपर्यंत ती गप्प होती.
खिडकीतून कंपन्यांचे दिवे तिच्या तोंडावर येत, जात.
"तवा त्याला," ती म्हणाली,
"ऊठ म्हनाला कुनी नसंल."

आमचा थांबा मागे पडला.
मी कंडक्टरला काही बोललो नाही.