खरोसा पाटी

एकतीस वर्षं हा रस्ता मी तुकड्यातुकड्यानं विकलाय.
आधी पेटीतली रंगीत तिकिटं आणि चिमटा,
आता हे मशीन, उन्हात तापलं की कोरा कागद ओकतं.
लातूर, औसा, खरोसा पाटी, निलंगा.
पाटीवर उतरणारे मला चेहऱ्यानिशी पाठ:
एक कंपाउंडर, दोन मास्तर,
येळवशीला आंबिलाची घागर सांभाळत शेतावर निघालेली घरं,
डोंगरावरच्या देवीला नवस फेडायला आलेल्या बाया.
लेणी बघायची म्हणून
कोणी हाफ तिकीटसुद्धा मागितलं नाही.

त्र्याण्णवला मात्र आलं होतं की सगळं जग!
मी नोकरीत कोवळा. किल्लारीकडं गाड्यांची रांग,
खांद्यावर कॅमेरे घेतलेली गोरी माणसं
अजून किती लांब, असं बोटांनी विचारायची.
पुढं लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा परत आले,
नळाखालच्या रिकाम्या घागरींचे फोटो काढून गेले.
आमचं पडलेलं बघायला येतात,
आटलेलं बघायला येतात.
उभं आहे ते बघायला
कोणी येत नाही.

हे मी मोठ्या तोंडानं सांगत राहिलो असतो,
पण गेल्या पौषात उदगीरच्या गंगासागरबाई बिरादार
माझ्या गाडीत बसल्या. मांडीवर डबा, चष्म्याला दोरा.
"कंडक्टर, ह्या खरोश्यात बघण्यासारखं काय हाय ओ?"
"लेणी हायत की."
"कशी हायत?"
मी पुढच्या सीटवरच्या पोराचे सुट्टे पैसे मोजायला लागलो.
दोनदा मोजले.

सुट्टीच्या दिवशी गेलो. खिशात पास होता,
तरी तिकीट काढलं.
पाटीपासून चालत. तुरीची काढणी चाललेली,
वाळल्या शेंगांचा खुळखुळ रस्त्यापर्यंत.
मग टेकडी, आणि टेकडीच्या पोटात काळोखाचे चौकोन.
जांभा दगड. हात लावला तर तळव्याला तांबडं लागतं.
आत शेळ्या बसलेल्या, खांबांना पाठ घासत.
कैलास उचलणारा रावण आहे तिथं.
नाक नाही, डोळे नाहीत, दहांतलं एकही तोंड धड नाही,
चेहरा पार विरघळून गेलाय;
जोर तेवढा राहिलाय.
मी किती वेळ बघत उभा होतो माहीत नाही.
इतकी वर्षं रोज चार वेळा
मी याच्या पायथ्यावरून नुसता बेल वाजवत गेलो.

मौलाली शेख नावाचा म्हातारा राखणदार
लिंबाखालून उठून वही घेऊन आला.
शेवटची सही अकरा दिवसांपूर्वीची.
नाव, गाव, अभिप्राय: पाणी नाही.
मी पेन धरून बसलो. एका खांबावर
कोणीतरी बदाम कोरला होता, आत दोन नावं,
आणि कोपऱ्यात वेफर्सच्या रिकाम्या पिशव्या.
"चाचा, लोकं यायला पाहिजेत का हो इथं?"
त्यानं घटकाभर विचार केला, शेळीला हाकललं.
"यावं की. न यावं तर मी कशाला बसलोय?
पर एकदम लई नको. दगड मऊ हाय."
मी अभिप्रायात लिहिलं: उशीर झाला.
त्याला वाटलं, गाडीला.

दुसऱ्या दिवसापासून हाळीत एक शब्द वाढवला.
"खरोसा पाटी! लेणी!"
ड्रायव्हर हणमंतनं आरशातून बघितलं.
मोबाइलमधली दोन डोकी वर आली, परत खाली गेली.
असे दीड महिना.

मागच्या गुरुवारी एक पोरगं उठलं, पाठीवर बॅग,
"काका, बघून येईपर्यंत गाडी थांबते का?"
"नाही बाबा. परतीची साडेचारला.
आणि बाटली भरून घे त्या टपरीवर, वर पाणी नाही."
उतरून तो उलट्याच बाजूला चालायला लागला.
दारातून अर्धा बाहेर लोंबकळून
मी त्याला टेकडी दाखवली.
हणमंत रेस देत होता, एक म्हातारा खेकसला,
"काय राव, चला की!"
पोरगं वळलं, वर बघितलं, कपाळावर हात धरून.

मग मी डबल बेल दिली.