तिसऱ्या नंबरची तार

खरांगण्याच्या फाट्यावर, कडुनिंबाखाली,
इस्तारी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं
आणि आधी काहीच केलं नाही.
विडीही पेटवली नाही.
"सिस्टर, चालू ठेवा. रेस नोका देऊ."

पद्मिनी, अठ्ठ्याऐंशीची. मूळ रंग कोणता
हे आता आरसीबुकातच वाचायचं.
मी उपकेंद्रात, ती दारात, सतरा वर्षं.
मागच्या सीटवर दोन बाळं जन्मली,
त्यातलं एक पुलावर, भर पुरात, हेडलाइट चालू ठेवून.

परवापासून ठोके.
मी घरूनच ठरवून निघाले होते:
ढग्याकडच्या चढावर जोर पडला की वाजतं,
म्हणजे पेट्रोल भेसळीचं, नाहीतर टायमिंग पुढे गेलेलं,
पान्याचा एक वेढा, दोनशे रुपये, चहा.
माझ्याकडेही बायका अशाच येतात,
दुखणं नव्हे, उत्तर घेऊन.

त्यानं डिस्ट्रिब्यूटर सैल केला,
केसभर मागं फिरवला.
आवाज हलला नाही.
"टायमिंग असतं तं फुटाने फुटल्यावानी वाजलं असतं.
हे फुटाने नाई."
टॅपेट?
"ते वरतून बोलते, बारीक, शिवनमशीनवानी."
मग पिस्टन?
"पिस्टन थंडा असला का खोकलते, तापला का चूप.
तुमची तं तापल्यावरच जास्त बोलून रायली."

मग हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढला,
टोक ब्लॉकवर, मूठ कानामागच्या हाडावर,
डोळे मिटले.
हे वाकणं मी ओळखलं.
माझ्या पिशवीत लाकडाची नळी असते,
आठव्या महिन्याच्या पोटावर मी अशीच वाकते
आणि खोलीतल्या साऱ्या बायका श्वास धरतात.

पण त्यानं कान बदलला.
पुन्हा पहिला लावला.
सरकीचा ट्रक गेला, तो जाईस्तोवर थांबला,
गेल्यावरही थांबूनच राहिला.
"चाळीस वर्सं सायलेन्सर काढून गाड्या आयकल्या.
आता कान दाटले. कोनाले सांगू नोका.
तुमीच आयका."

मुठीला त्याचा घाम होता.
हाडातून आधी नुसता गोंगाट आला, जिनिंगमधल्यासारखा.
मग त्याच्या तळाशी, जड, मुका,
तीन घरं पलीकडे कुणी उखळात मुसळ टाकावं
तसा.

प्लगच्या तारा तो एकेक काढत गेला.
पहिली: गाडी लंगडली, मुसळ चालूच.
दुसरी: चालूच.
तिसरी.
थांबलं.
लावली, पडलं. काढली, थांबलं.
मी बोट वर केलं, शाळेतल्या पोरीसारखं.
सापडल्याचा आनंद आधी होतो,
काय सापडलं ते मागून कळतं.

त्यानं गाडी बंद केली,
खालचा नट सैल करून ऑइल तळहातावर घेतलं,
उन्हात धरलं.
काळ्यात बारीक चकाकी,
सराफाच्या दुकानातल्या झाडणीत असते तशी.
"बेरिंग खाल्लं. तिसऱ्या नंबरचं.
अशीच चालवली तं रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईन."
हे सांगताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही,
चिंधीनं एकच बोट पुसत राहिला.
मीही असंच करते.
वाईट सांगायचं असलं की
आधी हात धुवायला जाते.

खर्च किती, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.
किल्ली त्यानंच काढून खिळ्याला अडकवली.
आर्वीकडून येणाऱ्या शेवटच्या एसटीत मला जागा मिळाली,
इंजिनाशेजारची.
उतरेपर्यंत ऐकत होते. ठीक होतं ते.

दुसऱ्या दिवशी तपासणीला सुगंता उईके आली,
सातवा संपत आलेला.
चटईवर पडल्या पडल्या म्हणाली,
"बाई, कानामांगं काय लागलं हो तुमच्या, काळं काळं?"
मी नळी टेकवली, वाकले.
"थांब," म्हटलं. "बोलू नको."