अर्धा वार मखमल

मुहर्रकच्या गल्लीत दुकान एवढंसं,
कापायचं टेबल आत, म्हणून काजं करणारा मी बाहेर पायरीवर.
साल छप्पन्न. तिथंही तेव्हा रुपयाच चालायचा.
विमानतळावरच्या गोऱ्या पोरांच्या खाकी चड्ड्या
ठिगळाला आमच्याकडे यायच्या.

डेरेक ठिगळासाठी आला नव्हता.
खिशातून चार घड्यांचा फोटो काढला:
चहाच्या दुकानाबाहेर त्याचा थोरला भाऊ,
कोट गुडघ्यापर्यंत, खांद्यांवरून नुसता ओघळलेला,
कंबर म्हणून नाहीच. पॅंट म्हणजे नळकांडं.
टायच्या जागी बुटाची नाडी,
आणि बुटांचे तळवे खरवसाच्या वडीएवढे जाड.
केस तर विचारूच नका,
पुढे कोंबड्याचा तुरा, मागे बदकाचं शेपूट.

पेवेकर मास्तरांनी चष्मा वर केला, खाली केला.
म्हणाले, ‘हे आजोबाचं माप. नातवाला कसं?’

मास्तर पलटणीत शिंपी होते, इंग्रजी त्यांना यायचं.
डेरेक काय म्हणाला ते त्यांनी मला मागाहून सांगितलं:
हा कोट बड्या साहेबांचा, त्यांच्या आज्यांच्या वेळचा.
लढाई संपली तशी साहेबांच्या पोरांना हौस आली,
भारी शिंप्यांनी जुने नमुने झटकले.
आणि एका हिवाळ्यात तोच कोट
लंडनच्या नदीपलीकडे दिसला,
बॉम्बनं मोकळ्या झालेल्या जागांत खेळून वाढलेल्या पोरांच्या अंगावर,
आठवड्याला थोडे थोडे भरून शिवलेला.
साहेबांनी आपला लगेच उतरवला.
‘आता आम्हाला बघून लोक रस्ता बदलतात’
असं सांगताना पोरगं खूश होतं म्हणे.

मास्तर गप्प.
त्यांचा बाप एकदा शिमग्यात
पितळी बटणांचा कोट घालून खोताच्या दारावरून गेला होता.
खोताच्या माणसांनी बटणं तोडली, सहाच्या सहा,
आणि मोजून विहिरीत टाकली.
मास्तर हे कधी बोलले नाहीत.
मी त्यांच्याच गावचा, म्हणून मला ठाऊक.

माप घेतलं. सुरमई लोकर मिळाली,
कॉलरची मखमल मिळेना.
शेवटी एका मोतीवाल्याकडून आणली,
डब्यांच्या अस्तराची, काळी, अर्धा वार.
तिचे पैसे मास्तरांनी लावले नाहीत.
मला म्हणाले, ‘काजं नीट कर. ही बटणं निघता कामा नयेत.’

ऑगस्टात ट्रायल. पंखा बंद, वीज गेलेली.
डेरेक कोट घालून आरशापुढे उभा,
खाली पलटणीचे बूट.
कपाळावरून मानेपर्यंत घाम,
तरी उतरवेना.
मग आतल्या खिशात त्यानं कंगवा घातला, काढला,
आणि डोक्यावरून फिरवला, पुढून मागे, सावकाश,
दुसरा हात कंगव्याच्या मागोमाग.
डोकं तर पलटणीच्या न्हाव्यानं भादरलेलं.
मला हसू आलं.
मास्तरांनी वळून बघितलं, तेव्हा आवरलं.

मोसम बदलला तसा तो गेला. पत्र नाही, काही नाही.
येणार तरी कशाला?

मास्तर वारले तेव्हा त्यांचे कपडे मी बांधले.
एकच कोट होता, पांढरा, सुती, दुकानात घालायचा.
झटकताना कॉलर उलटली गेली.
आतून, मानेला लागेल अशी,
बोटभर रुंद काळी पट्टी.
घामानं कडक झालेली,
पण उलट्या दिशेनं हात फिरवला तर
अजून लव उभी राहायची.